बत्तीस संघांची पैसेवारी

आबा माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते वाळत घातलेल्या कपड्यांवरून. परदेशात, क्लोनडॉकिनला मुलीच्या घरापुढे मी घडीच्या स्टँडवर नातीचे मोजे लावत होते. शेजारच्या घराची आणि आमची पुढची भिंत कमरेएवढीच. पलीकडून आवाज आला, "ताई, किती वेळात वाळतील?"

मी अनोळखी माणसाशी बोलत नाही. मान हलवली आणि काम करत राहिले.

"आकडा सांगा की. चुकला तर चुकला. आकड्याला लाज नसते."

मी पुटपुटले, "दोन तास."

त्यांनी स्वेटरच्या खिशातून निळं पेन काढून छोट्या वहीत काहीतरी लिहिलं. पाऊण तासाने पाऊस आला आणि मी सगळं ओलं घरात नेलं. दुसऱ्या दिवशी भिंतीवरून त्यांनी वही दाखवली. निळ्या शाईत 'मोजे, अंदाज दोन तास' आणि पुढे लाल शाईत 'वाळले नाहीत'. "माझा अंदाज तीन तासांचा होता," ते म्हणाले. "म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा कमी चुकलात."

ते दोन हजार वीस साल होतं. मी मुलीकडे बाळंतपणासाठी आले होते आणि आबा मुलाकडे तीन महिन्यांसाठी. विमानं बंद झाली, घरापासून दोन किलोमीटरच्या पुढे जायचं नाही असं सरकारने सांगितलं, आणि आम्ही दोघं त्या भिंतीच्या दोन बाजूंना अडकलो. माझी मुलगी दिवसभर वरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर, त्यांचा मुलगा महेश त्यांच्या वरच्या खोलीत. खाली बाळ, कणीक आणि मी. पलीकडे आबा.

आबा जालन्याकडचे. चौतीस वर्षं तलाठी होते. उंच, किडकिडीत, डोक्यावर पांढरी टोपी आणि थंडी असली की तिच्यावर सुनेने दिलेली लोकरीची टोपी. दोन टोप्या घालून चालणारा माणूस आमच्या गल्लीत दुसरा नव्हता, त्यामुळे सगळे त्यांना ओळखत. पोस्टमन त्यांना बघून हात करायचा. आबांना इंग्रजीतला एकच शब्द मनापासून आवडला होता, 'ग्रँड'. इथे कोणीही कशालाही ग्रँड म्हणतं. आबा मात्र तो जपून वापरत. भाकरी फुगली तर ग्रँड, नाहीतर नुसती "चांगली आहे."

चालताना हात मागे बांधायचे. बसस्टॉपवर उभे राहायचे, पण बसमध्ये चढायचे नाहीत. बोर्डावर बस सात मिनिटांत येणार असं लिहिलेलं असायचं, ते निळ्याने लिहायचे, आणि बस खरंच आली की घड्याळ बघून लाल आकडा. एकदा ड्रायव्हरने दार उघडून धरलं आणि थांबला. आबांनी त्याला वही दाखवली. तो काय समजला कोण जाणे, पण दार बंद करून हसत गेला.

ही सवय त्यांना नोकरीतून लागली होती. मी लहानपणी गावात पैसेवारी हा शब्द ऐकला होता, पण ते नेमकं काय असतं ते आबांनी सांगितलं. पीक उभं असताना तलाठी गावच्या पंचांना घेऊन शिवारात फिरतो आणि नुसत्या नजरेने ठरवतो की यंदा रुपयात किती पैसे पीक आहे. ती नजर पैसेवारी. मग कापणीच्या वेळी ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच कापायचं, मळायचं, वजन करायचं. त्यावरून अंतिम पैसेवारी. पन्नासच्या खाली गेली तर गावाला सवलती मिळतात, वर राहिली तर नाही.

"म्हणजे एक आकडा डोळ्याचा आणि एक तराजूचा," आबा म्हणायचे. "माणसाची किंमत त्या दोघांच्या मधल्या फरकात असते."

अमेरिकन फुटबॉल त्यांच्या आयुष्यात महेशच्या ऑफिसमुळे आला. महेशच्या कंपनीचं मोठं ऑफिस अमेरिकेत. तिथला हा खेळ, त्यात बत्तीस संघ, प्रत्येकाचे सोळा सामने. सप्टेंबरात मोसम सुरू व्हायच्या आधी ऑफिसातले लोक कागदावर लिहायचे की कुठला संघ किती सामने जिंकेल. जानेवारीत खरे आकडे आले की ताळा करायचा. ज्याचा फरक सगळ्यांत कमी त्याला प्लॅस्टिकचं छोटं हेल्मेट. महेशने जेवताना सहज सांगितलं. आबांनी ताटावरून हात उचलला.

"ही तर नजर पैसेवारी आहे," ते म्हणाले. "मला घे त्यात."

महेश म्हणाला, "बाबा, तुम्हाला त्या खेळातलं काय कळतं?"

"मला कापसातलं तरी काय कळायचं पहिल्या वर्षी?"

महेशचा साहेब डेक्लन नावाचा, हसऱ्या स्वभावाचा. त्याने आबांना घेतलं. म्हणाला, भारतातला निवृत्त सरकारी अधिकारी शास्त्रीय पद्धतीने आकडे काढतोय, आता बघाच. सगळ्यांना तसं कळवलंही. महेशला ते आवडलं नाही. भिंतीपाशी येऊन माझ्यासमोरच म्हणाला, "बाबा, तिथे माझं हसं करू नका म्हणजे झालं."

"तुझं कसं होईल? सही माझी आहे," आबा म्हणाले.

मग ऑगस्टभर आबांनी शिवार पाहिलं. लॅपटॉप खिडकीत ठेवून जुने सामने बघायचे, मी भिंतीच्या अलीकडून बघायचे. मला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मी संघ ओळखायचे ते हेल्मेटवरच्या चित्रांवरून. घोड्याचा नाल, पक्ष्याचं डोकं, वळलेली शिंगं, निळी चांदणी. एकाच्या हेल्मेटवर काहीच नव्हतं, नुसता नारिंगी रंग. तो मला पहिल्यापासून आवडला. बत्तीस घरांत एकच दार बिनतोरणाचं असावं तसा.

चांदणीवाल्या संघाचं जाणकार फार कौतुक करत होते. आबा बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "ताटं उंच आहेत, कणसात दाणा नाही. सात लिहा." मी त्यांच्यासाठी लिहीत होते, कारण ते लिहायला बसले की नजर हलते असं त्यांचं म्हणणं. नारिंगी संघ आला तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तुमचा आकडा?"

माझ्या मनात दहा होता. मी म्हटलं, "तुम्हीच सांगा."

"सात," आबा म्हणाले, आणि मी सात लिहिले.

यादी पुरी झाल्यावर आबांनी सगळे आकडे पुन्हा तपासले. त्या वर्षी रोगामुळे खेळाडूंचा सराव बुडालेला, बहुतेक मैदानांत माणूस नाही. "दुष्काळी वर्ष आहे," ते म्हणाले, आणि जवळजवळ प्रत्येक संघाचा एक विजय कमी केला, काहींचे दोन. चांदणी आणि नारिंगीचे सात तेवढे तसेच ठेवले. मग कार्बन लावून दोन प्रती केल्या. एक महेशला, एक पंचाला. पंच मी. पंचाच्या सहीशिवाय पैसेवारी होत नाही. मी 'सुमन' अशी सही केली. बाजारहाटाच्या पिशवीशिवाय आणि बाळाच्या दुधाशिवाय कशातही मी माणूस म्हणून लागते असं मला त्या कागदाने पहिल्यांदा वाटलं, म्हणून ती प्रत मी डाळीच्या डब्याखाली जपून ठेवली.

पहिल्या आठवड्याचे सामने झाले. मंगळवारी सकाळी महेशने सगळे निकाल सांगितले आणि मी ओट्यापाशी माझ्या प्रतीवर जिंकलेल्यांपुढे काडी मारत गेले. सोळा काड्या. सोळा संघ जिंकले, सोळा हरले. साहजिकच आहे. पण ते साहजिक माझ्या डोक्यात अडकलं. बत्तीस संघ, प्रत्येकाचे सोळा सामने, आणि प्रत्येक सामन्यात दोघांतला एकच जिंकणार, म्हणजे बत्तीसच्या निम्मे. मी शाळेत चौथीपर्यंत गेले, पण पाढे तीसपर्यंत पाठ होते. सोळा गुणिले सोळा दोनशे छप्पन्न. सगळ्यांचे मिळून विजय तेवढेच व्हायला हवेत. मी आबांच्या आकड्यांची बेरीज केली. दोनशे एकोणीस आली. कणीक झाकून ठेवली आणि खालून वर पुन्हा केली. दोनशे एकोणीस.

सदतीस विजय कुठेच नव्हते.

दोन दिवस मी बाहेर गेले नाही. वाटलं, मी कोण सांगणार? चौतीस वर्षं आकडे लिहिलेला माणूस. पण खाली सही माझी होती, आणि ती मी बेरीज न करता केली होती. तिसऱ्या दिवशी कागद घेऊन भिंतीपाशी गेले.

"आबा, दुष्काळात सगळ्यांचंच पीक जातं ना?"

"जातंच."

"पण इथे एक हरला की दुसरा जिंकतोच. मग सगळ्यांचं कमी कसं होईल?"

त्यांनी कागद घेतला. बोट लावून एकेक आकडा ओठांत म्हणत बेरीज केली. शेवटी पोचल्यावर भिंतीवर बसले. मग टोप्या काढल्या, दोन्ही, आणि टकलावरून हात फिरवला.

"चौतीस वर्षं शिवारातच फिरलो," ते म्हणाले. "हे शिवार नाही. ही वाटणी आहे. हे मला दिसायला पाहिजे होतं."

तेवढ्यात महेश चहाचा कप घेऊन दारात आला. त्याला कळलं. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबा, फाईल माझ्याकडेच आहे. एकच आठवडा झालाय. सगळ्यांना एकेक, काहींना दोन वाढवून टाकतो. कोणाला कळणार पण नाही."

"कोणाला?"

"कोणालाच."

"या ताईंना कळेल. तुला कळेल. मला कळलंय."

"अहो, पण डेक्लनने सगळ्यांना सांगून ठेवलंय. शास्त्रीय पद्धत म्हणून. जानेवारीत सगळे हसतील. एका बेरजेसाठी."

आबांनी कागद माझ्या हातात परत दिला. "महेश, पहिला आकडा खोडायचा नसतो."

महेश कप तिथेच भिंतीवर ठेवून आत गेला. बापलेक चार दिवस एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते. घरांच्या भिंती पातळ, मला ऐकू यायचं, म्हणजे त्यांचं न बोलणं ऐकू यायचं.

त्याच आठवड्यात आबांनी मला ती गोष्ट सांगितली. आम्ही कालव्याच्या कडेने चालत होतो, मधे माणसाएवढं अंतर ठेवून, बाळ गाडीत झोपलेलं. त्यांच्याकडच्या एका गावाची नजर पैसेवारी त्यांनी एका वर्षी बेचाळीस लिहिली होती. पंचांच्या सह्या झाल्या होत्या. वरून निरोप आला की तालुक्यात एवढी गावं पन्नासच्या खाली दाखवता येणार नाहीत, आकडा सुधारा. आबांनी ब्लेडने शाई खरवडून छप्पन्न केले. कापणीच्या वेळचे वजनही मग छप्पन्नाला जुळेल असं लिहावं लागलं.

"काय झालं मग?" मी विचारलं.

"काही झालं नाही. तेच तर. सवलत आली नाही, परीक्षेची फी माफ झाली नाही. गावातल्या काही पोरी त्या वर्षी दहावीला बसल्याच नाहीत. त्यातली एक पुढे मला बाजारात भेटली, कडेवर पोर. म्हणाली, 'नमस्कार भाऊसाहेब.' आदराने म्हणाली. तिला माहीतच नव्हतं."

मी बाळाचं पांघरूण सारखं केलं. चौथीनंतर मी का थांबले हे आबांनी कधी विचारलं नव्हतं, त्या दिवशीही नाही. कालव्यात दोन हंस होते. आबांनी खिशाकडे हात नेला, पण वही काढली नाही.

मग मोसम पुढे गेला. रविवारी संध्याकाळी सहाला पहिले सामने लागायचे. ऑक्टोबरात पुन्हा सगळं बंद झालं. महेश लॅपटॉप खिडकीत ठेवायचा, आबा कांबळं घेऊन पोर्चमध्ये, मी माझ्या दारात. चार दिवसांचा अबोला कधी संपला ते कळलं नाही. एका रविवारी महेश बाहेर येऊन आबांच्या शेजारी बसला आणि नियम समजावून सांगायला लागला, जे आबांना आधीच पाठ होते. ते गप्प ऐकत राहिले. एक सामना बरोबरीत सुटला तेव्हा महेश म्हणाला, "आता याचं काय करणार?"

"आठ आणे याला, आठ आणे त्याला," आबा म्हणाले. "काढ लाल पेन." मी मनात बेरीज केली. दोनशे छप्पन्न राहत होती.

चांदणीवाला संघ हरत गेला. आबा खूश व्हायचे नाहीत, नुसतं म्हणायचे, "दाणा नव्हता." आणि नारिंगी संघ जिंकत गेला. शेवटी त्याचे अकरा झाले. आबांनी सातपुढे लाल अकरा लिहिले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुमचा काय होता? खरं सांगा."

"मनात दहा होता."

"मनातला आकडा वहीत धरत नाहीत, ताई."

ते रागावले नव्हते, पण ते वाक्य मला लागलं. आजही लागतं.

जानेवारीत दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ऑफिसचा व्हिडिओ कॉल झाला. महेशने लॅपटॉप पोर्चच्या कठड्यावर ठेवला, म्हणजे मलाही दिसेल. चौकटीत चौदा तोंडं. डेक्लन एकेकाचा फरक वाचत होता. आबा अकरावे आले. डेक्लनने हसत काहीतरी विचारलं. महेशने आबांना मराठीत सांगितलं, "विचारतोय की शास्त्रीय पद्धतीचं काय झालं."

आबा उभे राहिले. लोकरीची टोपी काढली, पांढरी नीट केली. "तू शब्दाला शब्द सांग," ते महेशला म्हणाले. "काही गाळू नको."

"बाबा, थोडक्यात..."

"शब्दाला शब्द. माझी बेरीज सदतीसने कमी होती. मी दुष्काळ धरला. या खेळात दुष्काळ नसतो, एकाचं गेलेलं दुसऱ्याच्या घरी जातं. हे मला दिसलं नाही. पहिल्याच आठवड्यात या शेजारच्या सुमनताईंनी दाखवलं. तेव्हा बदलता आलं असतं. बदललं नाही, कारण सामने सुरू झाले होते. चांदणीवाल्याला मी सात दिले होते, सहा झाले. तेवढं माझं बरोबर आहे, ते पण सांग."

महेश आधी अडखळला. मग सांगत गेला, आणि सांगता सांगता त्याचा आवाज मोठा होत गेला. शेवटी त्याने आबांनी न सांगितलेलं एक वाक्य जोडलं. मला इंग्रजी येत नाही, पण त्यात 'माय डॅड' होतं आणि ते बोलताना त्याने आबांच्या खांद्यावर हात ठेवला होता. पलीकडे कोणी हसलं नाही. डेक्लनने पुन्हा काहीतरी विचारलं, ती शेजारीण कुठे आहे असं, महेशने सांगितलं. आणि त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. चौदा तोंडं माझ्याकडे बघायला लागली. मी पदराने तोंड पुसलं आणि घरात पळाले. दारामागून ऐकलं, आबा मराठीतच त्यांना सांगत होते, "लाजाळू आहेत. पण बेरीज पक्की आहे."

उन्हाळ्यात आम्हा सगळ्यांच्या लशी झाल्या आणि ऑगस्टमध्ये आबांचं परतीचं तिकीट निघालं. मी नातीसाठी आणखी राहणार होते. जाण्याआधी आठ दिवस त्यांनी मला नवी वही दिली. बत्तीस संघ त्यांनी मराठीत लिहिले होते आणि प्रत्येक नावापुढे मला कळावं म्हणून हेल्मेटवरचं चित्र काढलं होतं. चित्रं वाईट होती. घोड्याचा नाल कानासारखा दिसत होता. नारिंगी संघापुढे त्यांनी नुसता गोल काढून ठेवला होता. पुढे दोन खाने, नजर आणि अंतिम. दोन्ही रिकामे.

"यंदा सामने सोळाचे सतरा केलेत," ते म्हणाले. "बेरीज सांभाळा. मी जायच्या आत भरा."

मी रोज दुपारी बाळ झोपलं की वही काढायचे. मुलगी म्हणाली, "आई, तू एवढं काय लिहितेस?" मी म्हटलं, किराणा. सतरा सामन्यांचे मिळून दोनशे बहात्तर होतात. माझी बेरीज दोनशे बहात्तर आली, तीनदा केली. नारिंगी संघाला मी अकरा दिले. थोडे जास्त आहेत हे मला कळत होतं.

निघायच्या सकाळी महेश गाडीत बॅगा ठेवत होता. आबा भिंतीपाशी आले. मी वही दिली. त्यांनी बोट लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. नारिंगीपाशी थांबले. मग एका आकड्यावर अंगठा घासला. अंगठा काळा झाला.

"पेन्सिल," ते म्हणाले.

"चुकलं तर..."

त्यांनी खिशातून निळं पेन काढून वहीत ठेवलं, वही मिटून माझ्या हातात दिली. "बेरीज ग्रँड आहे," म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.

मी विचारलं, "आबा, परत कधी?" मला वाटतं, मी त्यांना स्वतःसाठी विचारलेला तो पहिलाच प्रश्न.

"नजर अंदाज, पुढच्या वर्षी नवीन मोसमाआधी," ते म्हणाले. "लिहून ठेवा."

गाडी निघाली. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर गतिरोधक आहे, तिथे सगळ्यांना थांबल्यासारखं व्हावं लागतं. महेशची गाडी तिथे हळू झाली आणि मागच्या काचेत मला दोन टोप्या दिसल्या. आबा वळून बघत होते. हात केला नाही, नुसते बघत होते, जसे बस वेळेवर येते का ते बघायचे.

मी वही भिंतीवर ठेवली, गोलापुढचा अकरा शोधला आणि पेनाने त्यावरून गिरवला. वर पाहिलं तेव्हा मागच्या काचेत आबांची मान खाली वर हलली. गतिरोधकामुळेही हलली असेल. मी पुढचा आकडा घेतला.